कुंपणाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

महिन्याचा पहिला आठवडा हा बँकेच्या कोणत्याही शाखेत निवृत्तिवेतनधारकांचा आठवडा असतो. तवांगसारखे डोंगरावरचे गाव असो, लक्षद्वीपमधील कवरत्ती बेट असो किंवा मराठवाड्यातील एखादे तालुक्याचे ठिकाण असो. दहाच्या आधीच बाकावर येऊन बसलेली वृद्ध मंडळी, हातात पिशवी आणि पिशवीत जपून आणलेले पासबुक, हे दृश्य सर्वत्र सारखेच. अशा सकाळी रोखपालाच्या तोंडून ‘आज लिंक नाही’ हे तीन शब्द बाहेर पडले, की त्या बाकावर जी निराशा पसरते तिला भाषांतराची गरज नसते. चार-पाच किलोमीटर पायपीट करून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ असे सांगणे किती जड जाते, हे शाखेतील कर्मचाऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसेल.

पुष्कळदा दोष तुटलेल्या तारेचा, गेलेल्या विजेचा किंवा पावसाचा असतो. परंतु कधी कधी तार शाबूत असते, वीज असते, यंत्रावरचे हिरवे दिवेही लुकलुकत असतात आणि तरीही व्यवहार पुढे सरकत नाही. अशा वेळी कारण शाखेत सापडत नाही. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या कोणीतरी ‘फायरवॉल’ नावाच्या द्वारपालाला दिलेल्या सूचनेत एक ओळ चुकलेली असते. याच्या उलट प्रकार तर अधिकच भयंकर. एखादी ओळ नको तितकी सैल राहून जाते. मग लिंक उत्तम चालते, कोणाचीही तक्रार येत नाही, आणि चोर मात्र आत येऊन निवांत बसलेला असतो.

म्हणूनच शेकडो, हजारो शाखांच्या फायरवॉल कोठून, कशा रीतीने आणि कोणी सांभाळावयाच्या, हा विषय केवळ संगणक विभागाचा राहिलेला नाही. ग्राहकसेवा आणि ठेवींची सुरक्षितता या दोहोंशी त्याचा थेट संबंध आहे, आणि त्यामुळेच त्याचा विचार तांत्रिक परिभाषेच्या बाहेर येऊन, बँकेच्या नेहमीच्या व्यवहारबुद्धीने होणे अगत्याचे आहे.

द्वारपाल आणि त्याची वही

‘फायरवॉल’ हा शब्द मुळात बांधकामातला. एका इमारतीची आग शेजारच्या इमारतीत पसरू नये म्हणून मध्ये उभारलेली भिंत, असा त्याचा अर्थ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हाच शब्द संगणकांच्या जाळ्यासाठी रूढ झाला. शाखेचे संगणक आणि बाहेरचे जग यांच्या मध्ये हे यंत्र उभे असते. येणारा-जाणारा प्रत्येक संदेश कोठून निघाला, कोठे चालला आणि कोणत्या कामासाठी चालला, हे पाहून ते त्याला आत सोडते किंवा परतवून लावते.

हा निर्णय ते स्वतःच्या मनाने घेत नाही. त्याच्याजवळ नियमांची एक वही असते. ती ते वरून खाली वाचत जाते. जो नियम प्रथम लागू पडेल तो अमलात येतो आणि पुढचे नियम वाचलेच जात नाहीत. शेवटच्या ओळीत सामान्यतः ‘बाकी सर्वांना मज्जाव’ असा नियम असतो. साहजिकच, या वहीत नियमांच्या मजकुराइतकेच त्यांच्या क्रमालाही महत्त्व आहे. ‘सर्वांना प्रवेश’ अशी एक ओळ चुकून वरच्या बाजूस लिहिली गेली, तर तिच्याखाली कितीही कडक नियम असले तरी ते शोभेचेच ठरतात.

भिंतच नसली तर काय होते, याचे उदाहरण भारताच्या शेजारीच घडून गेले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील खात्यातून बनावट ‘स्विफ्ट’ संदेशांद्वारे सुमारे ९५ कोटी डॉलर पळविण्याचा प्रयत्न झाला. बहुतेक संदेश अडविले गेले. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचलेच. त्या बँकेच्या जाळ्याला फायरवॉल नव्हती आणि ‘स्विफ्ट’शी जोडलेल्या संगणकांसाठी दहा डॉलर किमतीचे जुने, वापरलेले स्विच बसविलेले होते, असे तेथील पोलीस तपास अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले होते. त्याच वर्षी, २ जून २०१६ रोजी, भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून देणारे परिपत्रक काढले. नीट मांडणी केलेल्या फायरवॉलसह संरक्षणाचे अनेक थर असावेत, ही अपेक्षा त्यात स्पष्ट शब्दांत आहे.

परंतु ‘नीट मांडणी केलेल्या’ हे शब्द लिहायला सोपे आणि निभावायला अवघड आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘कॅपिटल वन’ या बँकेकडे फायरवॉल होती. तिची मांडणी मात्र चुकलेली होती. त्या फटीतून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. पुढील वर्षी नियामकांनी त्या बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला. द्वारपाल नेमणे निराळे आणि त्याची वही बिनचूक ठेवणे निराळे, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

हजार वह्यांचा हिशेब

एक शाखा, एक फायरवॉल, एक वही. येथवर सारे ठीक. पण समजा एका बँकेच्या १५०० शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेतील वहीत १०० नियम आहेत. म्हणजे एकूण दीड लाख नियम झाले. आता एखादा नवा धोका समोर आला आणि प्रत्येक वहीत केवळ एक ओळ बदलावयाची ठरली. एका यंत्रात शिरून ती ओळ बदलून तपासण्यास २० मिनिटे लागतात असे धरले, तरी एकूण ५०० तास लागतील. आठ तासांच्या दिवसाने एका माणसाचे हे बासष्ट दिवसांहून अधिक काम आहे. चोर तितके दिवस थांबत नाही.

वेळेपेक्षाही मोठा प्रश्न विसंगतीचा आहे. बँकेतील प्रत्येक अधिकाऱ्याला ‘सस्पेन्स खाते’ ठाऊक असते. तात्पुरती म्हणून केलेली एखादी नोंद वेळीच उलटविली नाही, तर ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहते, आणि मग ती कोणी, कशासाठी केली हेही कोणाला सांगता येत नाही. फायरवॉलच्या वहीतही नेमके असेच घडते. एटीएमच्या दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाला ‘दोन तासांपुरता’ दरवाजा उघडून दिला जातो. तंत्रज्ञ काम आटोपून निघून जातो, दरवाजा उघडाच राहतो. १५०० शाखांतून असे किती दरवाजे उघडे आहेत, याचे उत्तर ज्या बँकेजवळ एकत्रित यादी नाही तिला देताच येणार नाही. ताळमेळच नसलेल्या हिशेबावर विसंबण्यासारखेच ते आहे.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे मध्यवर्ती व्यवस्थापन. फोर्टिनेटचे ‘फोर्टिमॅनेजर’, पालो आल्टो नेटवर्क्सचे ‘पॅनोरमा’, सिस्कोचे ‘फायरवॉल मॅनेजमेंट सेंटर’ ही अशा साधनांची प्रचलित नावे. त्यांचे कार्य मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकासारखे असते. नियम एकाच ठिकाणी लिहिला जातो आणि तेथून सर्व शाखांना धाडला जातो. सर्व शाखांना सर्व नियम एकसारखे लागत नाहीत. म्हणून शाखांचे गट पाडता येतात. मोठी शाखा, विस्तार कक्ष, एटीएम केंद्र, डेटा सेंटर अशी वर्गवारी करून प्रत्येक गटाला साजेसा नमुना तयार ठेवता येतो. ‘पॅनोरमा’मध्ये तर मध्यवर्ती नियमांचे दोन भाग करता येतात. एक भाग स्थानिक नियमांच्या वर बसतो, दुसरा त्यांच्या खाली. वरचे नियम शाखेला ओलांडता येत नाहीत, खालचे नियम अखेरची राखण करतात आणि मधल्या जागेत स्थानिक गरजेपुरती सूट मिळते. शाखा व्यवस्थापकाला कर्जमंजुरीचे अधिकार ठरावीक मर्यादेपर्यंतच दिलेले असतात, त्यातलाच हा प्रकार.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मध्यवर्ती व्यवस्थापन म्हणजे सर्व शाखांची ये-जा मध्यवर्ती यंत्रातून होणे नव्हे. द्वारपाल शाखेतच असतो. केवळ त्याची वही मध्यवर्ती ठिकाणी लिहिली जाते. त्यामुळे मध्यवर्ती यंत्र काही काळ बंद पडले, तरी शाखांतील फायरवॉल हाती असलेल्या शेवटच्या वहीनुसार काम करीत राहतात. त्या काळात नियम मात्र बदलता येत नाहीत आणि चित्र एकत्रितपणे दिसत नाही.

उभारणीच्या चार वाटा

मध्यवर्ती व्यवस्थापन हवे, याविषयी आता फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते उभारणीविषयी, आणि तेथे प्रामुख्याने चार वाटा संभवतात.

पहिली वाट म्हणजे बँकेने हे यंत्र स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये ठेवावे आणि त्याचा जोडीदार दूरच्या आपत्ती-निवारण केंद्रात सज्ज ठेवावा. हे यंत्र स्वतंत्र उपकरणाच्या रूपात असू शकते किंवा मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी यंत्राच्या रूपात. आभासी यंत्र स्वस्त पडते आणि बिघाडानंतर लवकर उभे करता येते. मात्र ज्या सर्व्हरवर ते चालते तो सर्व्हरही एखाद्या फायरवॉलच्या आडच असतो. ती फायरवॉल बिघडली की तिला दुरुस्त करणारे यंत्रही कुलपाआड अडकून पडते. या मार्गात सर्वाधिक ताबा बँकेकडे राहतो. खर्च आणि कुशल माणसांची गरजही सर्वाधिक असते.

दुसरी वाट उतरंडीची. धोरण केंद्रातून ठरते. पण रोजच्या नोंदी गोळा करणे आणि लहानसहान बदल करणे यांसाठी विभागवार उपकेंद्रे असतात. हजारो फायरवॉलच्या नोंदींचा लोंढा एकाच ठिकाणी न लोटता तो वाटला जातो. उपग्रहाद्वारे जोडलेल्या शाखांचा विचार करता अशा विभागणीला महत्त्व येते. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाऊन परतणाऱ्या प्रत्येक प्रश्नोत्तरास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तेथील जोडणीची क्षमताही तोकडी असते. अशा चिंचोळ्या वाटेवरून दिवसभर नोंदी पाठवीत राहिल्यास ग्राहकाच्या व्यवहाराला जागा उरत नाही. त्या रात्री पाठविणे किंवा त्यांतील महत्त्वाच्या तेवढ्या निवडून पाठविणे इष्ट होय.

तिसरी वाट क्लाउडची. यंत्र पुरवठादाराचे, जागा त्याची, देखभालही त्याची. बँकेने केवळ वर्गणी भरून संकेतशब्दाच्या साहाय्याने आत शिरावयाचे. आरंभीचा खर्च कमी, नवी शाखा जोडणे सोपे आणि दुरुस्त्या आपोआप. अनेकांना हीच वाट भविष्याची वाटते.

चौथी वाट सेवा कंत्राटाची. फायरवॉल बँकेच्या, पण त्या सांभाळणारी माणसे बाहेरच्या संस्थेची. दहा-पंधरा शाखांच्या नागरी सहकारी बँकेला चोवीस तास जागणारा स्वतःचा तज्ज्ञ चमू परवडणार नाही, हे वास्तव आहे. तिच्यासाठी ही वाट अनेकदा व्यवहार्य ठरते.

कुंपणानेच शेत खाल्ले तर?

यांपैकी कोणती वाट निर्धोक, असा प्रश्न सभांमधून नेहमी विचारला जातो. अलीकडच्या दोन घटना त्याचे उत्तर देतात, आणि ते उत्तर कोणत्याही एका बाजूला खूश करणारे नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फोर्टिमॅनेजर’ या व्यवस्थापन प्रणालीतच एक गंभीर दोष उघडकीस आला. ओळख न पटविताही बाहेरच्याला त्या यंत्राला आज्ञा देता याव्यात, असे त्या दोषाचे स्वरूप होते. तो जाहीर होण्याच्या कित्येक महिने आधीपासून काही ठिकाणी त्याचा गैरवापर झाल्याचे तपासात दिसून आले. ज्या यंत्रात सर्व फायरवॉलच्या वह्या एकत्र ठेवलेल्या, तेथूनच त्या वह्यांच्या प्रती चोरीस गेल्या. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. यंत्र आपल्याच इमारतीत आहे, एवढ्याने ते सुरक्षित होत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, सप्टेंबर २०२५ मध्ये, ‘सोनिकवॉल’ या कंपनीच्या क्लाउड सेवेत ग्राहकांनी राखून ठेवलेल्या फायरवॉलच्या मांडणीच्या प्रती परक्या हाती गेल्याचे कंपनीने जाहीर केले. प्रारंभी, बाधित ग्राहक पाच टक्क्यांहून कमी आहेत असे सांगण्यात आले होते. पुढील महिन्यात, ती राखण-सेवा वापरणाऱ्या सर्वच ग्राहकांच्या प्रती त्यात होत्या, हे मान्य करावे लागले. तेव्हा यंत्र मोठ्या कंपनीच्या क्लाउडमध्ये आहे, एवढ्यानेही निश्चिंत होता येत नाही.

तिसरा धोका चोराचा नसून चुकीचा आहे. जे साधन एका फटक्यात १५०० शाखांना योग्य नियम पोहोचविते, तेच साधन एका फटक्यात १५०० शाखांना अयोग्य नियमही पोहोचविते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने सदोष अद्ययावत फाइल जगभरच्या संगणकांना एकाच वेळी पाठविली. चूक दीड तासाच्या आत मागे घेण्यात आली. तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. देशातील १० बँका व बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांच्या कामकाजातच किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले, हे सुदैव. ते साधन फायरवॉलचे नव्हते. पण मध्यवर्ती वितरणाचे सूत्र तेच होते.

त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील परस्परांच्या जोडण्या तुटल्या. चुकीच्या आज्ञा अडविण्यासाठी जी तपासणी-प्रणाली होती, तिच्यातही दोष निघाला. दुरुस्तीची नेहमीची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. विहिरीत पडलेला दोर काढण्यासाठी तोच दोर हवा असावा, अशी ती गत होती.

किल्ली, वही आणि परतीची वाट

या सर्व घटना एकत्र ठेवून पाहिल्या, म्हणजे ‘यंत्र कोठे ठेवावे’ हा वाद काहीसा दुय्यम वाटू लागतो. खरे प्रश्न तीन आहेत. किल्ली कोणाच्या हाती आहे? वहीची खरी प्रत कोणाजवळ आहे? आणि चूक झालीच तर परतीची वाट कोणती आहे? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी कोणतीही उभारणी चालेल; एकाचेही उत्तर न देणारी कोणतीही उभारणी, ती कितीही महागडी असली तरी, चालणार नाही.

किल्लीच्या बाबतीत बँकांना बाहेरून काही शिकण्याची आवश्यकता नाही. स्ट्राँगरूमचा दरवाजा एकट्या अधिकाऱ्याला उघडता येत नाही. संयुक्त ताब्याच्या दोन किल्ल्या लागतात. खात्यातील मोठ्या नोंदीसही एक लिहिणारा आणि एक तपासणारा असतो. मराठी वाचकाला याहून जुने उदाहरणही आठवेल. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा अधिकाऱ्यांत वाटलेला असे. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एक माणूस फितूर झाला तरी गड जात नसे. मग पाच हजारांच्या नोंदीसाठी दोन सह्या मागणाऱ्या बँकेने १५०० शाखांचे दरवाजे एका संकेतशब्दावर उघडे ठेवावेत, हे कोणत्या न्यायात बसते? नियम सुचविणारा आणि मंजूर करणारा वेगवेगळे असावेत. मंजूर करणारा बँकेचाच अधिकारी असावा. त्याच्या ओळखीसाठी संकेतशब्दाबरोबर आणखी एक खूण आवश्यक असावी. आणि व्यवस्थापनाचे यंत्र थेट इंटरनेटवरून कोणालाही दिसू नये. सेवा कंत्राटाने दिली असली तरी हे बंधन सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३च्या माहिती तंत्रज्ञान सेवा-कंत्राटविषयक निर्देशांचे सारही हेच आहे: काम बाहेर देता येते, उत्तरदायित्व बाहेर देता येत नाही.

वहीची खरी प्रत बँकेजवळच असली पाहिजे. पुरवठादाराची वर्गणी बंद झाली, कंपनी विकली गेली किंवा क्लाउड सेवा आठवडाभर ठप्प झाली, तरी सर्व शाखांचे नियम बँकेला स्वतः वाचता आणि पुन्हा उभे करता यावेत. ‘सोनिकवॉल’च्या उदाहरणानंतर ती प्रत कुलूपबंद आणि संकेतबद्ध असावी, हे निराळे सांगावयास नको. ये-जा करणाऱ्यांच्या नोंदींचेही तसेच. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार १८० दिवसांच्या नोंदी सांभाळणे आवश्यक आहे आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवावी लागते. आपल्याच नोंदी पुरवठादाराकडे अर्ज करून मागाव्या लागत असतील, तर सहा तास त्या अर्जातच जातील. दर तिमाहीस मध्यवर्ती वही आणि शाखेतील प्रत्यक्ष वही यांचा ताळमेळ घ्यावा; प्रत्येक तात्पुरत्या नियमावर त्याच्या मृत्यूची तारीख लिहिलेली असावी; आणि अंतर्गत लेखापरीक्षकाने सस्पेन्स खात्याइतक्याच चिकाटीने ती तपासावी.

परतीच्या वाटेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कोणताही बदल प्रथम पाच शाखांत, मग पन्नास शाखांत आणि मगच सर्वत्र, अशा पायऱ्यांनी जावा. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर अत्यंत निकड असल्याशिवाय जाऊच नये. बदलानंतर शाखेचा संपर्क तुटल्यास फायरवॉलने आपण होऊन जुन्या वहीकडे परतावे, अशी सोय आजच्या अनेक यंत्रांत असते. ज्युनिपरच्या यंत्रांना तर ‘पुष्टी न आल्यास दहा मिनिटांत पूर्ववत हो’ अशी आज्ञा देता येते. सोय असूनही ती वापरात नसणे, हे छत्री घरी ठेवून पावसाला दोष देण्यासारखे आहे. याखेरीज, मुख्य जाळे पूर्ण बंद पडले तरी यंत्रापर्यंत पोहोचता यावे म्हणून एखादी वेगळी, मर्यादित वाट मोबाइल जोडणीद्वारे राखून ठेवावी. स्ट्राँगरूमच्या दुय्यम किल्ल्या मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, तीच येथेही लागू करता येईल. आणीबाणीचा संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात, दोघांच्या सहीने आणि वर्षातून एकदा वापरून पाहिलेला असावा.

खर्चाचा आक्षेप

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे सारे मोठ्या बँकांना शोभते, लहानांनी काय करावे? आक्षेपात तथ्य आहे. पण वर सांगितलेल्या गोष्टींपैकी महागड्या फार थोड्या आहेत. दोन सह्यांची मंजुरी, तात्पुरत्या नियमांची मुदत, टप्प्याटप्प्याने बदल आणि स्वतःजवळची प्रत या चारही गोष्टींना यंत्रापेक्षा शिस्त अधिक लागते. लहान बँकेने सेवा कंत्राट अवश्य द्यावे. मात्र करारात या चार अटी लिहून घ्याव्यात आणि मंजुरीची किल्ली आपल्याकडे ठेवावी. मध्यम बँकेने शाखांसाठी क्लाउडचा विचार करावा. परंतु डेटा सेंटर, एटीएम स्विच आणि ‘स्विफ्ट’ यांच्या भिंती स्वतःच्या व्यवस्थापनाखालीच ठेवाव्यात. देशभर पसरलेल्या मोठ्या बँकेला मात्र स्वतःचे केंद्र, दूरच्या शहरात त्याचा सज्ज जोडीदार आणि विभागवार उपकेंद्रे, हीच वाट श्रेयस्कर वाटते. तिच्या एका चुकीची किंमत मोजणाऱ्या शाखांची संख्याच इतकी मोठी असते, की ताबा दुसऱ्याच्या हाती देऊन होणारी बचत अखेरीस तोट्याचीच ठरण्याचा संभव अधिक.

ग्राहकांनीही हा विषय परका मानू नये. आपल्या पैशाभोवती कुंपण आहे की नाही, एवढे विचारून थांबणे पुरेसे नाही. त्या कुंपणाच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत किंवा ग्राहक मेळाव्यात विचारण्याचा अधिकार ठेवीदाराला आणि भागधारकाला निश्चितच आहे. असा प्रश्न एका ग्राहकाने विचारला, की संचालक मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो आपोआप येतो.

सरतेशेवटी सर्व गोष्टी त्या बाकापाशी येऊन थांबतात. पिशवीत पासबुक घेऊन बसलेल्या वृद्धेला ‘पॅनोरमा’ ठाऊक नाही, क्लाउड ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याचे तिला कारणही नाही. तिची अपेक्षा दोनच गोष्टींची आहे: आलेले निवृत्तिवेतन आज हाती पडावे, आणि न काढलेली शिल्लक उद्याही जागेवर असावी. दूरच्या केंद्रात बसून वहीत ओळ लिहिणाऱ्याने आणि तिच्यावर दुसरी सही करणाऱ्याने लिहिण्यापूर्वी क्षणभर तिची आठवण केली, तरी पुष्कळ चुका कागदावर उतरण्यापूर्वीच टळतील.